नमुन्यादाखल एक जोडी

प्राणी पाळणं ही मोठी जबाबदारी आहे यात वाद नाही. पण प्राणी पाळावा की नाही हे ठरवणं ही त्याहून मोठी जबाबदारी आहे, आणि एखादं घर किती सुसंस्कृत आहे हे या दुसऱ्या जबाबदारीवरूनच ओळखावं. पहिली काय, कोणीही पार पाडतो. आमच्या कोपऱ्यावर सायकली दुरुस्त करणारा एक जण आहे. त्याला एकदा गटाराच्या कडेला कुत्र्याचं पिल्लू सापडलं. त्याने ते उचललं, पुसलं, त्याच्यापुढे दूध ठेवलं आणि संध्याकाळच्या आत त्याचं नावही ठेवून मोकळा झाला. विचार नाही, चर्चा नाही, इतर पर्यायांशी तुलना नाही. ते कुत्रं आता चांगलं थोराड झालं आहे आणि दिवसभर दुकानापुढे पसरलेलं असतं. पण ते कोणत्या निर्णयानुसार तिथे पसरलं आहे असं विचारलं, तर त्या माणसाला एक अक्षर सांगता येणार नाही.

आमच्या घरात असा कारभार चालत नाही. शुगर ग्लायडर नावाचा प्राणी पाळावा की पाळू नये, या एका प्रश्नाचा आम्ही पाच जणांनी जवळजवळ अख्खा हिवाळा विचार केला आणि शेवटी एकमताने निर्णय घेतला. सध्या हा प्रश्न घरोघरी निघतो आहे असं ऐकतो. सबब, इतर कुटुंबांना मार्गदर्शन व्हावं म्हणून आमची कार्यपद्धती इथे देत आहे. मी कुटुंबाचा चिटणीस आहे. (पोटासाठी विमा कंपनीत दावे तपासतो, म्हणजे दावा का मंजूर करता येणार नाही ते शोधून काढतो.)

कुटुंबाचे अध्यक्ष दादा, म्हणजे माझे थोरले बंधू. ते एका मोठ्या कचेरीच्या खरेदी विभागातून प्रमुख म्हणून निवृत्त झाले. खुर्च्या, कपाटं, बादल्या, पायपुसणी, जे जे कचेरीला लागतं ते ते दादांच्या सहीशिवाय येत नसे, आणि दादांची सही नमुना पाहिल्याशिवाय होत नसे. आधी नमुना मागवायचा, त्याची पाहणी करायची, अहवाल लिहायचा, मग पुढचं. नमुन्याचा एक नियम दादांनी स्वतः घालून दिला होता: नमुना वापरायचा नाही. वापरला की तो घेतला असं होतं, आणि घेतला की ठरवायला काही उरत नाही. त्यांच्या विभागात एक नमुना-खुर्ची होती. तिच्या हातांना सुतळी बांधलेली होती आणि पाठीवर ‘बसू नये’ अशी पाटी होती. खरेदीचा निर्णय व्हायचा होता तोवर कारकून उभ्याने काम करत. दादा निवृत्त झाले तेव्हा ती खुर्ची अगदी नवीकोरी होती, आणि निरोपसमारंभात तिचा गौरवाने उल्लेख झाला. कचेरीत त्यांना मागून ‘नमुनेसाहेब’ म्हणत. (प्रेमाने, असं दादांचं म्हणणं आहे.)

निवृत्तीनंतर एवढा अनुभव वाया जाऊ नये म्हणून दादांनी तो घराला दिला. दर रविवारी सकाळच्या चहानंतर जेवणाच्या टेबलाशी बैठक भरते. सगळे निर्णय एकमताने होतात. एकमत होण्यात एकच अडचण असते, ती म्हणजे लोकांची मतं. त्यावर दादांनी साधा तोडगा काढला. बैठकीत जो बोलला नाही, त्याचा होकार धरायचा. आमच्या वहिनी बैठकीत विणकाम घेऊन बसतात आणि सहसा मान वर करत नाहीत. या नियमाखाली त्यांनी आजवर पडद्यांच्या रंगापासून त्यांच्या स्वतःच्या वडिलांचं लिहिण्याचं टेबल भंगारात देण्यापर्यंत प्रत्येक ठरावाला भक्कम पाठिंबा दिलेला आहे.

चौथी सभासद आमची ही. ही रुग्णालयात परिचारिका आहे आणि तिच्या पाळ्या सारख्या बदलतात, त्यामुळे निम्म्या बैठकांना ती नसते. (गैरहजर माणूस बोलू शकत नाही. म्हणजे होकार.) पाचवी माझी पुतणी. ती कॉलेजात जाते, आणि फोनवर तिचं एक पान आहे. त्या पानावर ती रोज काहीतरी टाकते आणि हजारो लोक त्याला बदाम देतात. ते कशाला देतात हे मी विचारलं होतं. ‘काका, आवडलं म्हणून,’ असं ती म्हणाली. आवडल्यावर पुढे काय करतात, असंही मी विचारलं. पुढे ते खालचं बघतात.

प्रस्ताव पुतणीचाच होता. तिने टेबलावर फोन ठेवला. त्यात एक मुठीएवढा करडा प्राणी कपाटावरून सुटला, पुढच्या-मागच्या पायांमधला कातडीचा पडदा पसरून हवेत तरंगला आणि एका मुलीच्या तळहातावर अलगद उतरला. प्रस्तावाचा मजकूर एवढाच होता: ‘किती गोड आहे.’ दादा म्हणाले की हा प्रस्ताव नसून भावना आहे, आणि त्यांनी तो दुरुस्त करून घेतला. दुरुस्त मजकूर असा: ‘कुटुंबाने शुगर ग्लायडर हा प्राणी पाळणे किंवा न पाळणे, याबाबत योग्य तो विचार होऊन, योग्य वेळी, योग्य तो निर्णय घेण्यात यावा.’ या वाक्याला विरोध करता येईल असा माणूस अजून जन्माला यायचा आहे.

ज्यांना हा प्राणी ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडी माहिती. डोळे मोठे आणि काळेभोर. पाठीवर गडद रेघ. शेपटी झुबकेदार, अंगाच्या मानाने लांब. मादीच्या पोटाला पिल्लांसाठी पिशवी असते. दिवसा झोपतो, रात्री जागतो. गोड खातो, म्हणून नाव शुगर. तरंगतो, म्हणून ग्लायडर. पाळलेला नीट राहिला तर दहा-बारा वर्षं जगतो, म्हणजे आमच्या घरातल्या बहुतेक ठरावांहून जास्त.

तज्ज्ञाचं मत हवं म्हणून मी प्राण्यांच्या एका डॉक्टरांना भेटलो. ही बरोबर होती, तिची त्या दिवशी सुट्टी होती. डॉक्टरांनी बऱ्याच अटी सांगितल्या. खोली उबदार हवी. पिंजरा उंच हवा, आत चढायला फांद्या हव्यात. नुसत्या तयार खाण्यावर तो टिकत नाही, ताजी फळं आणि किडे लागतात. संध्याकाळी रोज बाहेर काढून अंगाखांद्यावर खेळवावं लागतं. आणि सगळ्यात मोठी अट शेवटी. हा कळपातला प्राणी आहे, एकटा कधीही ठेवायचा नाही. एकटा पडला तर रात्ररात्र भुंकून सोबत्याला बोलावतो, खाणं सोडतो, शेवटी स्वतःचीच शेपटी चावत बसतो. मी सगळं लिहून घेतलं. बैठकीत मी हे वाचून दाखवलं तेव्हा दादांनी डॉक्टरांच्या सखोल अभ्यासाचं कौतुक केलं आणि अटी ‘निर्णय झाल्यास लागू’ या सदरात घातल्या. अर्थातच. निर्णयाआधी अटी पाळणं म्हणजे लग्न ठरायच्या आधी बारसं उरकण्यातला प्रकार.

हिचं म्हणणं या वेळी उघडपणे झालं. ती म्हणाली, “ठेवायचं असेल तर नीट ठेवू या, मी जबाबदारी घेते. नसेल ठेवायचं तर आजच नाही म्हणा. पण मधे लटकवून ठेवू नका.”

दादा म्हणाले, “अगं, लटकवतोय कोण? नुसता नमुना मागवतोय.”

दुकानदार नमुना द्यायला एका पायावर तयार झाला. त्याच्याकडे एक जोडी बरेच दिवस पडून होती. (तो ‘माल’ म्हणे, पण त्याचा स्वर आदराचा होता.) महिना-दोन महिने ठेवा, पटलं तर घ्या, नाही पटलं तर मी घेऊन जाईन, असं त्याने सांगितलं. अशा रीतीने एका थंडगार सकाळी एक पिंजरा, त्यात टांगलेली कापडाची झोपायची पिशवी, त्या पिशवीत एकमेकांत गुंडाळलेले दोन ग्लायडर आणि त्यांच्या कोरड्या खाण्याचं एक पाकीट, एवढं सामान घरी आलं. पुतणीने लगेच त्यांचं चित्रीकरण केलं. पिशवीच्या तोंडातून दोन नाकं बाहेर आली होती. त्या दिवशी बदामांचा उच्चांक झाला.

मग दादांनी पिंजऱ्याचं दार सुतळीने बांधून तिच्या गाठीवर लाखेचं सील केलं. खाणं-पाणी सरकवण्याची छोटी खिडकी तेवढी मोकळी ठेवली. नमुना म्हटल्यावर पुढचं सगळं ओघाने आलं. हात लावायचा नाही. बाहेर काढायचं नाही. नाव ठेवायचं नाही, कारण नाव ठेवलं की निर्णयावर दडपण येतं. फळं द्यायची नाहीत, कारण फळं दिल्यावर प्राणी जसा दिसेल तसा तो दुकानातून आलेला नसेल, आणि मग आपण पाहणी नेमकी कशाची करतोय हा प्रश्न उभा राहील. तळाचा ट्रे ओढून साफ करणं हाही वापरच. उन्हाने नमुन्याचा रंग उडू नये म्हणून पिंजरा अडगळीच्या खोलीत, शिलाई मशीनच्या बाजूला ठेवला. खोलीची किल्ली दादांकडे. खिडकीतून सकाळी पाकिटातलं दोन चमचे खाणं आणि पाणी सरकवायचं, तेही ते स्वतः, पाठ फिरवून. (नजरानजर झाल्यास निःपक्षपातीपणाला बाध येतो.)

आता उपसमित्यांबद्दल. रूप आणि लोकप्रियता यांचा अहवाल पुतणीकडे होता. फर्निचरच्या सुरक्षिततेचा वहिनींकडे. आहार आणि आरोग्य हा विषय साहजिकच हिच्याकडे दिला, पण तिला किल्ली दिली नाही, त्यामुळे तिचा अहवाल प्रत्येक बैठकीत ‘निरंक’ असा आला. दादांनी तिच्या दिरंगाईबद्दल सौम्य शब्दांत नाराजी व्यक्त केली. माझ्याकडे जोखीम होती, आणि माझा अहवाल सर्वात परिपूर्ण झाला हे मी नम्रपणे नमूद करतो. त्यातले काही निष्कर्ष असे: ग्लायडर पाहुण्यांच्या डोक्यावर उतरण्याची शक्यता चौतीस टक्के, पाहुण्यांना टक्कल असल्यास एक्केचाळीस. उतरल्यावर पाहुणे परत न येण्याची शक्यता बावीस टक्के. (हा आकडा ‘जोखीम’मध्ये घालावा की ‘फायदे’मध्ये, यावर एक पूर्ण रविवार गेला.) चहाच्या कपात पडण्याची शक्यता अल्प. पंख्यात अडकण्याची शक्यता उन्हाळ्यात लक्षणीय, हिवाळ्यात शून्य. प्राणी पिंजऱ्याबाहेर न काढल्यास वरीलपैकी सर्व शक्यता शून्य. विमा क्षेत्रातला कोणीही जाणकार सांगेल की इतका स्वच्छ अहवाल क्वचित पाहायला मिळतो.

पहिली पाहणी रविवारी सकाळी अकरा वाजता झाली. प्राणी दिवसा झोपतो हे आम्हाला माहीत होतं, पण बैठक सकाळीच असते. दोघंही पिशवीत गाढ झोपलेले होते. एक कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो ते कळत नव्हतं. अहवालात ‘शांत, सोशिक, एकमेकांशी मिळूनमिसळून’ अशी नोंद झाली. दादा म्हणाले की घरातल्या काही माणसांपेक्षा बरे आहेत. त्यावर कोणी बोललं नाही, म्हणजे सर्वांना ते मान्य होतं.

दुसऱ्या पाहणीला प्राणी जागा आढळला, ही मोठी प्रगती होती. तो पिशवीच्या तोंडाशी बसून दाराकडे पाहत होता. आम्ही पाठ वळवली तरी पाहतच राहिला. ‘जिज्ञासू’ अशी नोंद केली. त्याहून समाधानाची गोष्ट आहाराची होती. रोज सरकवलेल्या दोन चमच्यांपैकी एकच चमचा संपत असल्याचं दादांच्या लक्षात आलं होतं. म्हणजे खाण्याच्या वापरात थेट पन्नास टक्के घट. दादांच्या संपूर्ण कारकिर्दीत कोणत्याही नमुन्याने आपण होऊन इतकी बचत केलेली नव्हती. त्यांना भरून आलं. त्यानुसार रोजचं खाणं एक चमचा करण्याचा ठराव झाला, आणि प्राण्याला ‘काटकसरी’ हा शेरा मिळाला. पुढच्या पंधरवड्यात तो अर्ध्या चमच्यावर आला. या वेगाने लवकरच तो काहीही न खाता राहील, आणि मग पाळायला हरकत कशाची, असा एक आशादायक सूर निघाला.

याच सुमारास आवाजाचा मुद्दा उपस्थित झाला. रात्री अडगळीच्या खोलीतून भुंकल्यासारखा बारीक आवाज येऊ लागला. भुंकायचं, थांबायचं, परत भुंकायचं. दुकानदाराने दिलेल्या माहितीपत्रकात ‘बोलका प्राणी’ असे शब्द होते, तेव्हा नमुना वर्णनाबरहुकूम असल्याचं सिद्ध झालं आणि त्या सदरात पूर्ण गुण देण्यात आले. वासाबाबतही तसंच. एका बैठकीत वहिनींनी सुया खाली ठेवल्या आणि त्या म्हणाल्या, “अहो, त्या खोलीतून घाण वास येतोय.” वहिनी बैठकीत बोलल्या हीच मुळात नोंद घेण्यासारखी घटना. दादांनी माहितीपत्रक उघडून नराच्या डोक्यावरच्या ग्रंथीला वास असतो हे वाक्य वाचून दाखवलं. वास येणं हा दोष नसून वैशिष्ट्य आहे असं ठरलं. वहिनींनी सुया उचलल्या. पुतणीने खोलीत गुलाबाच्या वासाचा फवारा मारला, आणि तेव्हापासून दोन्ही वास यायला लागले.

ही त्या आठवड्यात दुपारच्या पाळीवर होती, म्हणजे घरी यायला उशीर व्हायचा. अडगळीच्या खोलीवरूनच आमच्या खोलीकडे जावं लागतं. तिने दादांकडे दोनदा किल्ली मागितली. दादांनी दोन्ही वेळा न चिडता समजावलं की एका सदस्याला वेगळी पाहणी करू दिली तर उद्या सगळेच मागतील. (उरलेल्या तिघांनी मागितली नव्हती, पण तत्त्व ते तत्त्व.) मग तिने मला सांगितलं. मी तिला म्हटलं, विषय पुढच्या बैठकीत घेतो. माझ्या हातात जेवढं होतं तेवढं मी केलं, आणि खरोखरच विषयपत्रिकेत तो सातव्या क्रमांकावर घेतला. चहा आणि मागील बैठकीचं इतिवृत्त यांत वेळ गेल्यामुळे आम्ही पाचव्या क्रमांकापर्यंत पोहोचलो.

त्यामुळे ती क्रमांक सोडून बोलली. “तो रात्रभर बोलावतोय.”

“कोणाला?” दादांनी विचारलं.

“ते मला काय माहीत? पण उत्तर येत नाहीये, एवढं मला बाहेर उभं राहून कळतं.”

दादांनी ही सूचना ‘आवाज’ या सदरात जोडून घेतली. मलाही त्या वेळी वाटलं की सूचना चांगली आहे, फक्त योग्य सदरात नाही.

शेवटची पाहणी ऋतू बदलताना झाली. प्राणी पिशवीला पाठ लावून बसला होता. त्याच्या शेपटीचा झुबका जवळजवळ गेलेला होता आणि टोकाशी रक्त सुकलेलं होतं. रूपाचे गुण दहापैकी नऊवरून तीनवर आले. पुतणीने फोटो काढला नाही. तिने स्पष्टच सांगितलं की लोकांचं ग्लायडरवरून मन उडालं आहे, सध्या पाण्यातल्या एका गुलाबी सरड्यासारख्या प्राण्याची चलती आहे, तो हसरा दिसतो आणि मुख्य म्हणजे आवाज करत नाही. प्रस्ताव मांडणारीनेच अंग काढून घेतल्यावर दादांनी सर्व अहवाल समोर ठेवले. आवाज जास्त. वास जास्त. रूप घसरतं. भूक मंदावते. तब्येत नाजूक. ‘सखोल पाहणीअंती सदर प्राणी कुटुंबासाठी अयोग्य आढळल्याने तो न पाळण्याचे ठरले,’ असा ठराव झाला. ही कामावर होती. वहिनी स्वेटरला बाह्या जोडत होत्या. मी लिहून घेत होतो. ठराव एकमताने मंजूर झाला, आणि इतक्या अवघड प्रश्नावर कुठेही भांडण न होता निर्णय झाल्याबद्दल आम्ही एकमेकांचं अभिनंदन केलं. निरुपद्रवी माणसांच्या घरात कसा समंजसपणा असतो, त्याचा मला त्या दिवशी खरोखर अभिमान वाटला.

नमुना घेऊन जायला दुकानदार संध्याकाळी आला. आम्ही सगळे अडगळीच्या खोलीच्या दारात उभे राहिलो. तेवढ्यात ही कामावरून आली आणि गणवेशावरचा कोट न काढताच आमच्या मागे येऊन थांबली. दादांनी लाख तपासून ती शाबूत असल्याचं दुकानदाराला दाखवलं, मग स्वतःच्या हाताने फोडली. दुकानदाराने वाकून पिंजऱ्यात पाहिलं. मग उजव्या बाजूने पाहिलं. मग आमच्याकडे वळून विचारलं, “दुसरा कुठंय?”

प्रश्न अनपेक्षित होता, कारण तो विषयपत्रिकेत नव्हता.

दुकानदाराने दार उघडून कापडाच्या पिशवीत हात घातला. हात आतच थोडा वेळ राहिला. मग त्याने जे बाहेर काढलं ते जुन्या हातमोज्यासारखं चपटं आणि हलकं होतं. त्याने ते शिलाई मशीनच्या झाकणावर ठेवलं. दुसरा प्राणी त्या हातामागून पिशवीच्या काठापर्यंत आला आणि कापड धरून बसला. तो त्या पिशवीतच झोपत होता. सगळा हिवाळा तो तिथेच, त्याच्याशेजारी झोपत होता. वहिनींनी तोंडावर पदर घेतला. मला फार वाईट वाटलं. हे इथेच नमूद करतो, कारण इतिवृत्तात त्यासाठी सदर नव्हतं.

दादांना प्रथम सुचलं ते नगांबद्दल. नमुना देताना दोन नग दिल्याची पोच घेतली होती का, असं त्यांनी दुकानदाराला विचारलं. दुकानदार म्हणाला, हा माल नाजूकच असतो साहेब, जाऊ द्या, पिंजरा तेवढा परत द्या. दोघांचं एवढ्यावर मिटलंही असतं.

पण ही पुढे झाली. तिने पिंजऱ्याच्या दाराशी आपल्या कोटाचा खिसा उघडून धरला आणि तशीच उभी राहिली. बराच वेळ काही झालं नाही. मग तो कापड सोडून तिच्या मनगटावर आला, तिथून खिशात उतरला आणि आत मुटकुळं करून बसला. खिसा थरथरत होता. तिने वरून तळहात ठेवला.

“आता हा वापरला गेला,” ती दादांना म्हणाली, आणि जिना उतरून निघून गेली.

त्या डॉक्टरांच्या ओळखीत एक घर होतं, तिथे चार ग्लायडर आहेत. तो आता तिथे असतो. मधेमधे ही त्याला पाहून येते. विचारलं तर ‘खातो’ एवढंच सांगते. शेपटीचा झुबका काही परत आला नाही, असं मला डॉक्टरांकडून कळलं. ही माहिती आमच्या कार्यकक्षेबाहेरची आहे, पण वाचकाला चुटपुट लागू नये म्हणून दिली. त्या दिवसापासून ही रविवारच्या बैठकीला बसत नाही. समोर सोफ्यावर बसून राहते, पण एक शब्द बोलत नाही. नियमानुसार तिचा प्रत्येक ठरावाला होकार धरला जातो, आणि त्यामुळे आमचं एकमत पूर्वीपेक्षाही पक्कं झालं आहे. सध्या विषय गुलाबी सरड्याचा आहे. नमुना मागवला आहे.

आता इतर कुटुंबांसाठी शेवटची सूचना, आणि ती तुम्हालाच उद्देशून आहे. या लेखात सुरुवातीला दोन प्राणी होते. पिशवीच्या तोंडातली दोन नाकं मी स्वतः तुम्हाला दाखवली होती. एकटा ठेवायचा नाही हेही डॉक्टरांच्या तोंडून ऐकवलं होतं. दुसऱ्या पाहणीपासून मी एकाच प्राण्याबद्दल लिहितो आहे. एक चमचा लिहिला, वास लिहिला, भुंकणं लिहिलं. काही जणांना दुकानदाराने विचारेपर्यंत काही वाटलं नाही. काही जणांना वाटेतच कळलं असणार, आणि तेही पन्नास टक्के बचतीला हसून खालचं वाचायला गेले. तेव्हा थांबून, दुसरा कुठे आहे, असं तुमच्यापैकी कोणी म्हणाल्याचं माझ्या कानावर आलेलं नाही.

आमच्या घरात न बोलणाऱ्याचं काय धरतात, ते तुम्हाला ठाऊक आहेच. तुमचा होकार नोंदवून घेतला आहे. ठराव एकमताने मंजूर.